सहा कामट्यांची काठी

गळाने मासे धरण्याच्या काठीचे जे हस्तकौशल्य पाश्चात्त्य देशांत गेल्या पावणेदोनशे वर्षांत विकास पावले, त्याचा साकल्याने आढावा घेऊ लागले म्हणजे या कसबाच्या इतिहासात दोन परस्परविरोधी प्रवृत्ती सतत वावरत आलेल्या दिसतात. एक कुलूपबंद खोलीत राखलेल्या गुपिताची, आणि दुसरी सारा तपशील मोजमापांसह कागदावर उतरवून तो हव्या त्या माणसाच्या हाती देण्याची. पहिल्या प्रवृत्तीने धंद्याला काही काळ वैभव दिले, हे नाकारता येत नाही. परंतु धंदा बसला, कच्चा माल तुटला, आणि तरीही कसब मेले नाही, ते दुसऱ्या प्रवृत्तीमुळे, असे माझे निश्चित मत आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः फोडलेल्या वेळूच्या, म्हणजे सहा कामट्या सांधून केलेल्या काठीचा विचार केला आहे. कारण हाताने घडवायच्या काठ्यांत तीच मला सर्वांत परिणत वाटते, आणि तिच्या आरंभाशी आपल्या देशातील वेळूचा प्रत्यक्ष संबंध आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंड-अमेरिकेतील बहुतेक काठ्या लाकडाच्या असत. ॲश, हिकरी, लान्सवुड आणि गियानाच्या रानांतून येणारे ग्रीनहार्ट ही त्यांची लाकडे. सामन माशासाठीच्या काठ्या चौदा ते अठरा फूट लांबीच्या असत आणि त्या दोन्ही हातांनी पेलाव्या लागत. वेळूच्या चिरफळ्या सांधून काठीचे टोक करण्याची युक्ती इंग्लंडात आधीपासून ठाऊक होती. तिला पुढे नेण्याचे श्रेय सामान्यतः पेनसिल्व्हेनिया संस्थानातील ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिप्पी याला देतात. बंदुका बनवणे हा त्याचा धंदा, आणि तो व्हायोलिनही घडवीत असे. त्याने १८४० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून आणि त्याच्या मागून आलेल्या कारागिरांच्या हातून षट्कोनी काठी सिद्ध झाली. या आरंभीच्या काठ्यांचा वेळू बाजारात ‘कलकत्ता केन’ म्हणून ओळखला जाई. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्याला डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस म्हणतात आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ज्याला मानवेल म्हणतात, तोच हा वेळू होय, असे सामान्यतः मानले जाते. १८७३ साली मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गोऱ्या साहेबांना आपल्या नद्यांतील महाशीराचे वेड लावले. त्याच सुमारास हिंदुस्थानचा वेळू अमेरिकेच्या कारखान्यांत फोडला जात होता.

त्या कारखान्यांत अग्रगण्य होता तो हायरम लेनर्ड याचा. मेन संस्थानातील बँगर येथे त्याने १८७० च्या दशकात कामट्यांना कोन देणारे यंत्र तयार केले आणि पुढे न्यूयॉर्क संस्थानातील सेंट्रल व्हॅली येथे आपले बिऱ्हाड हलवले. ते यंत्र बंद खोलीत असे, आणि विश्वासातल्या मोजक्या माणसांखेरीज कोणालाही त्या खोलीत मज्जाव असे. तरीही थॉमस, एडवर्ड्स, पेन यांच्यासारखी त्याच्याकडे उमेदवारी केलेली माणसे एकामागून एक बाहेर पडली, त्यांनी स्वतःची यंत्रे उभारली, आणि अमेरिकेतील उत्तमोत्तम काठ्यांवर पुढची पन्नास वर्षे त्यांचीच नावे झळकली. इंग्लंडात नॉर्थम्बरलँड परगण्यातील ॲनिक गावी १८७२ साली स्थापन झालेल्या हार्डी बंधूंच्या पेढीनेही वेळूची काठी पत्करली आणि ती ‘पालाकोना’ या नावाने जगभर पोहोचवली. या मंडळींच्या हस्तकौशल्याविषयी मला आदरच आहे. पण ते त्यांनी वारसा म्हणून नव्हे, तर मिळकत म्हणून जपले.

दरम्यान कच्चा मालही बदलला. कलकत्त्याच्या वेळूवर ठिकठिकाणी जळाल्याचे डाग असत, त्यामुळे लांब निर्दोष कामटी मिळणे दुरापास्त होई. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्याची जागा ‘टोंकिन’ या व्यापारी नावाच्या चिनी वेळूने घेतली. नाव तसे असले तरी हा वेळू टोंकिनात, म्हणजे उत्तर व्हिएतनामात, होत नाही. तो दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, स्वी नदीच्या काठच्या डोंगराळ टापूत होतो. कॅन्टनच्या लिंगनान विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड मॅक्ल्यूर यांनी १९३१ साली त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ‘रमणीय’ अशा अर्थाचे लॅटिन विशेषण दिले. हा वेळू सरळ वाढतो, त्याच्या पेरांच्या गाठी फारशा वर येत नाहीत, आणि सालीखालचे तंतू इतके दाट व लांब असतात की काठीच्या कामात त्याला तोड नाही. तिथले गावकरी पक्व वेळू तोडून नदीच्या वाळूने घासतात, उन्हात वाळवतात, आणि वाकडा असेल तो विस्तवावर शेकून सरळ करतात. मग बारा-बारा फुटांचे तुकडे मोळ्या बांधून परदेशी रवाना होतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. वेळूच्या भिंतीचा आडवा छेद पाहिला तर सालीलगत तंतूंची गर्दी आणि आतल्या बाजूला भुसभुशीत गर असतो. काठी वाकते तेव्हा सर्वांत अधिक ताण तिच्या पृष्ठभागावर येतो. सबब बळकट तंतू बाहेर राहावेत आणि गर तासून निघून जावा, एवढ्यासाठीच वेळू फोडून त्याच्या समभुज त्रिकोणी छेदाच्या, साठ अंश कोनाच्या सहा कामट्या करतात व साली बाहेर ठेवून त्या चिकटवतात. फोडण्याचे काम सुरीने किंवा बोथट पात्याच्या कोयत्याने होते : प्रथम वेळूचे दोन भाग, मग प्रत्येकाचे तीन, आणि पुढे गरजेप्रमाणे आणखी. फाट एका अंगाला सरकू लागली तर अननुभवी माणूस पाते दाबतो आणि कामटी वाया घालवतो; जाणता कारागीर पाते तसेच ठेवतो आणि जाड राहिलेली बाजू हाताने वाकवतो, की फाट आपोआप त्या बाजूकडे वळून पुन्हा मध्यावर येते. आपल्याकडील कोणत्याही बुरडाला हे शिकवावे लागणार नाही.

पेरांची गाठ ही या कामातली मोठी अडचण. तिथे तंतू वाकडे होतात, वर उंचवटा असतो, आत पडदा असतो. पडदा काढून, उंचवटा कानशीने घासून, ती जागा दिव्यावर तापवून शेगड्यात दाबली की वेळू नरम पडतो आणि थंड होताना दिलेला आकार धरतो. एवढे केल्यावरही गाठ ही दुबळी जागा राहतेच. म्हणून सहा कामट्या शेजारी मांडताना कोणत्याही दोन लगतच्या कामट्यांच्या गाठी समोरासमोर येणार नाहीत अशा बेताने त्या मागेपुढे सरकवतात. अमेरिकी काठी-कारागीर एवरेट गॅरिसन हा तर सहाही गाठी चक्राकार जिन्याप्रमाणे एकापुढे एक चढत जातील अशी मांडणी करी. ओबडधोबड कोन दिल्यावर कामट्या दोऱ्याने करकचून बांधून भट्टीत, सुमारे ३५० ते ३७५ अंश फॅरनहाइट उष्णतेत, काही मिनिटे भाजतात. ओलावा जातो आणि काठीला चिवट ताठपणा येतो. काही जण अख्खा वेळूच ज्योतीवर फिरवून तपकिरी करतात. उष्णता जास्त झाली तर वेळू ठिसूळ होतो, आणि असा ठिसूळ झालेला वेळू कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही.

यानंतर रंधाकाम येते, आणि येथेच हाताची खरी कसोटी लागते. पोलादाच्या दोन लांब पट्ट्या शेजारी ठेवून त्यांच्यामध्ये साठ अंशांची खाच कोरलेली असते; दर पाच इंचांवर बसवलेल्या स्क्रूंनी पट्ट्या जवळ-दूर करून खाचेची खोली हव्या त्या प्रमाणात उतरती ठेवता येते. त्या खाचेत कामटी घालून लहान रंध्याने तासत जायचे. साल कधीही तासायची नाही, फक्त उरलेल्या दोन बाजू आळीपाळीने. काठीच्या बारीक टोकाची जाडी साधारण साठ हजारांश इंच धरली, तर प्रत्येक कामटीची उंची तीस हजारांश इंच होते. साध्या कागदाची जाडी सुमारे चार हजारांश असते हे लक्षात घेतले, म्हणजे रंध्याच्या एका जड झपाट्याने काय अनर्थ होऊ शकतो ते कळेल. पाते दर थोड्या वेळाने धारेला लावावे लागते, कोन मोजावा लागतो, आणि एक कामटी बिघडली तर शेजारच्या गाठींचा हिशेब सांभाळून नवी करावी लागते. सालीचे वरचे चकचकीत कवच मात्र शेवटी अगदी हलक्या हाताने खरवडतात, कारण त्याच्या लगेच खाली सगळे बळ आहे.

सरस लावण्याचे काम घाईचे. पूर्वी जनावरांच्या कातड्याचा सरस असे, आता कृत्रिम राळी आहेत. सहाही कामट्यांना सरस लावून, त्या गुंडाळून, वजनाच्या ताणाखाली दोरा आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने गुंडाळतात. एकाच दिशेने गुंडाळला तर काठीला पीळ पडतो. सरस ओला आहे तोवर काठी सपाट फळीवर लोळवून, नजरेने पाहून सरळ करायची. पुढचे काम अधिक नाजूक परंतु कमी जोखमीचे : तुकडे जोडण्यासाठी जर्मन सिल्व्हरच्या नर-मादी नळ्या खरादावर बसवणे, मुठीसाठी बुचाच्या चकत्या चिकटवून घासणे, दोरी वाहून नेणाऱ्या तारेच्या कड्या रेशमी धाग्याने बांधणे, आणि उभ्या नळीतल्या रोगणात काठी बुडवून अतिशय सावकाश बाहेर काढणे. रोगण लागताच पांढरे रेशीम जवळजवळ पारदर्शक होते आणि त्याखालची वेळूची शीर दिसू लागते.

हे सर्व आज कोणीही जिज्ञासू माणूस वाचून शिकू शकतो, याचे कारण तीन माणसे. न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्सचे डॉक्टर जॉर्ज पार्कर होल्डन यांनी १९२० साली ‘आयडिल ऑफ द स्प्लिट बॅम्बू’ हा ग्रंथ लिहून हौशी माणसासाठी दार किलकिले केले. त्यांच्याकडूनच धडे घेतलेला गॅरिसन (१८९३–१९७५) हा व्यवसायाने अभियंता. त्याने काठीची जाडी अंदाजाने न ठरवता, दोरीचे वजन, काठीचे स्वतःचे वजन, आणि फेकीच्या झटक्यामुळे तो भार चौपट होतो असे गृहीत धरून, दर पाच इंचांवरचा ताण गणिताने काढला. १९५० च्या डिसेंबरात कोरियातील युद्धामुळे अमेरिकेने चिनी मालावर बंदीचा हुकूम काढला आणि टोंकिनचा वेळू दोन दशके अडला. त्या काळात काचतंतूच्या स्वस्त काठ्यांनी बाजार काबीज केला. ज्यांच्याकडे जुना साठा होता ते थोडे कारागीर टिकले. अशा वेळी प्रसिद्ध संगीतकाराचा मुलगा होगी कार्मायकेल याने वृद्ध गॅरिसनच्या शेजारी बसून त्याची प्रत्येक क्रिया टिपली, तिचे चित्रीकरण केले, आणि गॅरिसनच्या मृत्यूनंतर, १९७७ साली, ‘अ मास्टर्स गाइड टु बिल्डिंग अ बॅम्बू फ्लाय रॉड’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अवजारांचे आराखडे आहेत, जाडीची कोष्टके आहेत, कोणतीही पायरी गाळलेली नाही. लेनर्डच्या बंद खोलीने जितके कारागीर घडवले त्याहून कितीतरी अधिक या एका पुस्तकाने घडवले, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

जपानचा मार्ग निराळा आहे. वाकायामा प्रांतातील हाशिमोतो येथील कारागीर कार्प जातीच्या माशासाठी जी काठी करतात, तिच्यात वेळू बहुतांशी फोडत नाहीत. वेगवेगळ्या जातींच्या अख्ख्या कांड्या एकमेकींत बसवतात, आणि फक्त टोकाचा भाग फोडलेल्या कामट्यांचा करतात. कांडी निखाऱ्यावर शेकून, खाच पाडलेल्या लाकडी अवजाराने सरळ करतात. वरून लाखेचे लेप देतात. २०१३ साली जपान सरकारने या हस्तकलेला पारंपरिक कलेचा अधिकृत दर्जा दिला.

हल्ली हाताने काठी करणारे बहुसंख्य लोक कर्बतंतूची तयार नळी विकत घेऊन तिच्यावर मूठ, रीळ बसवण्याची जागा आणि कड्या जोडतात. याला कोणी नुसती जुळणी म्हणून हिणवू नये. नळीची ताठ बाजू शोधणे, वजन टांगून ती वाकवून दोरी तिच्या वळणाला चिकटून जाईल अशा जागी कड्या ठेवणे, धाग्याचे वेढे शेजारी-शेजारी बसवणे, आणि वरची राळ सुकेपर्यंत काठी मोटरीवर सावकाश फिरवत ठेवणे, यात डोळ्याला आणि हाताला पुरेसे काम आहे. परंतु काठीचे अंतरंग येथे कारखान्याने आधीच ठरवलेले असते, आणि वेळूच्या कारागिराच्या मानाने हा फरक लहान नाही.

आपल्याकडे मानवेल आहे, तो फोडण्याचे शतकानुशतकांचे ज्ञान बुरूड समाजाच्या हातांत आहे, आणि त्यातले फारच थोडे लेखी उतरले आहे. सूप, टोपल्या, तट्टे, कणग्या यांसाठी कामटी कशी काढावी, कोणत्या वयाचा वेळू कोणत्या कामाला घ्यावा, तो कधी तोडावा म्हणजे भुंगा लागत नाही, कोणत्या गाठीवर पाते थांबवावे, किती ओला असताना विणायला घ्यावा आणि किती सुकल्यावर तो मोडतो, या साऱ्याची मोजमापांसह व आकृत्यांसह मराठीत नोंद करायची असेल, तर ती हे काम करणाऱ्या आजच्या वृद्ध कारागिरांच्या शेजारी बसून, त्यांच्या हाताकडे पाहतच करावी लागेल, आणि ती आता, त्यांच्या हयातीत करावी लागेल.