पंखाखालच्या तोफा

कॉम्प्युटरवरचे लढाऊ विमानांचे खेळ म्हणजे दिसेल त्यावर गोळ्या झाडणे, असा घरोघरी समज आहे. काही खेळ तसे असतीलही. पण २००१ साली मॉस्कोत तयार झालेला ‘आयएल-२ स्टुर्मोविक’ आणि त्याच घराण्यातले पुढचे खेळ यांची जात वेगळी. तिथे विमान धावपट्टी सोडण्याआधीच निम्मी लढाई होऊन गेलेली असते. पडद्यावर यादी येते : टाकीत पेट्रोल किती टक्के, पंखाखाली काय टांगायचे. पैसे कशालाच पडत नाहीत. माझा नातू सुरुवातीला सगळ्यावरच खुणा करायचा. आयुष्यभर कर्जाचे अर्ज वाचल्यामुळे असेल, पण ‘फुकट’ म्हटले की मी चष्मा पुसून पुन्हा वाचतो.

दुसऱ्या महायुद्धातले जर्मनांचे मेसरश्मिट १०९ घ्या. त्याचा जी-६ हा प्रकार म्हणजे जेमतेम तीन टनांचे विमान आणि १,४७५ अश्वशक्तीचे इंजिन. उड्डाणाच्या वेळी ते डावीकडे ओढते, पायाने उजवे रडर दाबून धरावे लागते. वेग कमी झाला की पंखांच्या पुढच्या कडेच्या पट्ट्या आपोआप बाहेर येतात आणि विमानाला सावरून धरतात. उलट सूर मारताना वेग फार वाढला, की दांडा सिमेंटमध्ये रोवल्यासारखा होतो. टाकी ४०० लिटरची, म्हणजे पूर्ण भरली तर सुमारे ३०० किलो. निम्मीच भरली तर विमान वर चढताना फरक लगेच कळतो. मात्र घरी परतण्याचा हिशेब आधी करावा लागतो.

नाकात एक २० मिलिमीटरची तोफ असतेच. शिवाय पंखांखाली तसल्याच आणखी दोन बसवता येतात. म्हणजे मारा तिप्पट. पण हे वजन मध्यावर नाही, दोन्ही बाजूंना लांब टांगलेले. भरलेली कावड खांद्यावर घेऊन गर्रकन वळून पाहा! वळायला वेळ लागतो आणि वळलेले थांबवायला त्याहून अधिक. नातवाने दोन्ही तऱ्हांनी उडवून पाहिले आणि म्हणाला, ‘‘आबा, हे विमान नाही, टेम्पो आहे.’’

मग जर्मनांनी हा टेम्पो केलाच का? कारण समोर अमेरिकेची चार इंजिनांची बी-१७ होती. तिला पाडायला २० मिलिमीटरचे साधारण वीस गोळे लागत, आणि तेवढे मारायला मिळत ते दोनचार सेकंद. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टवर २९१ बी-१७ निघाली, त्यांतली ६० परतली नाहीत. प्रत्येकीत दहा माणसे. तोवर अमेरिकी लढाऊ विमानांची सोबत वाटेतच संपत असे, म्हणून हे जड विमान चालून जाई.

१९४४च्या वसंतात मस्टँग विमाने जादा टाक्या लावून थेट बर्लिनपर्यंत सोबत येऊ लागली. त्या टाक्या लढाई सुरू होताच खाली टाकून देता येत. पंखांखालच्या तोफा हवेत सोडता येत नसत. बॉम्बरसाठी निघालेल्या वैमानिकाची गाठ मस्टँगशी पडली, तर ते ओझे घेऊनच लढायचे. आणि विमानाला काय लावायचे, हे विशीतल्या त्या पोराला कोणी विचारलेले नसे.

नातवाने मला विचारले, ‘‘मग तो काय करायचा?’’

खेळात जे करावे लागते तेच. आधी उंची मिळवायची, वरून एकदाच सूर मारायचा, जवळ जाऊन झाडायचे आणि मागे न बघता निघून जायचे. मस्टँगबरोबर वळत बसायचे नाही. नातू हल्ली बॉम्बर येणार असतील तरच तोफा लावतो, आणि पेट्रोल साठ टक्के भरतो. कधी कधी त्याच्या आधी मस्टँग येतात. मग बाहेरच्या खोलीत आम्हाला फक्त ‘‘वळ, वळ, वळ ना!’’ एवढेच ऐकू येते.