न दाखवलेले पाहताना

फ्रेंच चित्रपट पाहून बाहेर पडताना ‘यात घडले ते काय?’ असा प्रश्न पुष्कळांच्या ओठांवर येतो. प्रश्न रास्त आहे. त्याला हसण्याचे कारण नाही. रोबेर ब्रेसाँ या दिग्दर्शकाने तर १९५६ सालच्या आपल्या चित्रपटाचा शेवट नावातच सांगून टाकला. ‘मृत्युदंड झालेला एक कैदी निसटला’ असा त्या फ्रेंच नावाचा अर्थ. शेवट ठाऊक झाल्यावर मग पाहायचे काय? एक चमचा, एक दार आणि दोन हात!

कथेला आधार खरा आहे. आंद्रे दव्हिन्यी हा फ्रेंच अधिकारी १९४३ साली लिआँ शहरातील जर्मनांच्या ताब्यातल्या माँल्यूक तुरुंगातून निसटला. चित्रपटात त्याचे नाव फाँतेन. तो चमचा घासून त्याची पटाशी करतो आणि दाराच्या फळ्यांमधले मऊ लाकूड दिवसेंदिवस कोरत बसतो. भूसा पडला की तोही झाडून लपवावा लागतो. ही भूमिका करणारा फ्रांस्वा लतेरिए धंदेवाईक नट नव्हे, तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता. ब्रेसाँला अभिनय नकोच असे. नाटकावर पोसलेल्या आपल्या डोळ्यांना हा चेहरा प्रथम कोरडा वाटतो. पण नट रडला नाही की त्याची भीती आपल्यालाच बाळगावी लागते.

आणि येथे डोळ्यांपेक्षा कानांना काम अधिक आहे. किल्ल्यांचा खणखणाट, भिंतीवरची टकटक, दूरवरच्या आगगाडीची शिटी यांतूनच कोठडीबाहेरचे जग उभे राहते. (ब्रेसाँ स्वतः जर्मनांचा युद्धकैदी होता, हे आम्हांला येथे आठवल्याशिवाय राहत नाही.) पळताना एका पहारेकऱ्याला ठार करणे भाग पडते, तेव्हा फाँतेन भिंतीच्या कोपऱ्याआड जातो आणि ती हत्या आपल्याला दिसत नाही. दिसली असती तर आपण ती विसरलो असतो, असे आमचे मत आहे.

खरा पेच मात्र त्याआधीचा. बेत पुरा होत आला असताना त्याच्या कोठडीत योस्त नावाचा सोळा वर्षांचा पोरगा आणून टाकतात. अंगात निम्मा जर्मन गणवेश. हा हेर तर नसेल? याला मारावे, की बरोबर न्यावे? फाँतेन त्याला बरोबर नेतो, आणि पुढे एक भिंत अशी लागते की ती एकट्याच्याने चढवलीच नसती.