जनुकीय अभ्यासांचे मेटा-विश्लेषण

एकाच रोगाविषयी स्वतंत्रपणे झालेल्या अनेक जनुकीय अभ्यासांचे निष्कर्ष संख्याशास्त्रीय रीतीने एकत्र करून संयुक्त अनुमान काढण्याच्या पद्धतीस जनुकीय अभ्यासांचे मेटा-विश्लेषण म्हणतात. मधुमेह, हृदयविकार यांसारख्या रोगांत एकेका जनुकीय भेदाचा वाटा बहुधा अत्यल्प असतो व एकट्या अभ्यासात तो योगायोगाने होणाऱ्या चढउतारांत झाकून जातो. अनेक अभ्यासांची माहिती एकत्र केल्यास तो स्पष्ट होऊ शकतो. मात्र मूळ अभ्यासांतील दोष केवळ बेरजेने नाहीसे होत नाहीत.

पार्श्वभूमी

निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करण्याचा एक आरंभीचा प्रयत्न कार्ल पिअर्सन यांनी १९०४ मध्ये केला. दक्षिण आफ्रिका व भारत येथील ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या विषमज्वराच्या लसीविषयीची आकडेवारी त्यांनी एकत्र तपासली. या पद्धतीस ‘मेटा-विश्लेषण’ हे नाव जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये दिले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस रोग आणि विशिष्ट जनुके यांचे संबंध सांगणारे अनेक निबंध प्रसिद्ध झाले. परंतु नमुने लहान असल्याने एका अभ्यासात आढळलेला संबंध दुसऱ्यात आढळत नसे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रकार २ मधुमेह व तत्संबंधित लक्षणांविषयीच्या १६ संबंधांची फेरतपासणी झाली, तेव्हा केवळ पीपीएआरजी या जनुकाचा संबंध टिकला. त्याचे अधिक प्रचलित रूप धोका सुमारे १.२५ पट करते. २००३ मध्ये २५ संबंधांविषयीच्या ३०१ अभ्यासांचे मेटा-विश्लेषण झाले; नंतरच्या अभ्यासांच्या एकत्रित माहितीने पहिल्या निष्कर्षास दुजोरा दिला, असे संबंध ८ होते.

मूळ पद्धत

प्रत्येक अभ्यासातून दोन संख्या घेतल्या जातात : जनुकीय भेदाच्या परिणामाचा अंदाज (बहुधा शक्यता-गुणोत्तराचा लॉगरिथम) आणि त्या अंदाजाची प्रमाण त्रुटी. त्रुटीच्या वर्गाचा व्यस्तांक हा त्या अभ्यासाचा भार होय. त्यामुळे मोठ्या व अचूक अभ्यासास अधिक महत्त्व मिळते. सर्व अंदाजांची भारित सरासरी हा संयुक्त परिणाम असतो.

उदाहरणार्थ, तीन काल्पनिक अभ्यासांत परिणाम ०.१६, ०.१२ व ०.०९ आणि प्रमाण त्रुटी ०.१०, ०.१० व ०.०५ आहेत असे मानू. परिणामास त्रुटीने भागल्यास १.६, १.२ व १.८ ही मूल्ये मिळतात. यांपैकी एकही १.९६ या रूढ मर्यादेपर्यंत पोहोचत नाही. भार अनुक्रमे १००, १०० व ४०० असल्याने भारित सरासरी सुमारे ०.१०७, तिची त्रुटी सुमारे ०.०४१ आणि त्यांचे गुणोत्तर सुमारे २.६ येते. सुटे असताना अनिर्णायक असलेले तीन अभ्यास एकत्रितपणे निर्णायक ठरतात.

मात्र संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासात लाखो भेद एकाच वेळी तपासले जात असल्याने निव्वळ योगायोगानेही हजारो भेद ही रूढ मर्यादा ओलांडतात. म्हणून तेथे पी-मूल्य ५ × १०⁻⁸ पेक्षा कमी, म्हणजे वरील गुणोत्तर सुमारे ५.४५ पेक्षा अधिक, असावे लागते. वरील उदाहरणातील परिणाम तेवढाच राहिल्यास त्यासाठी चौपटीहून अधिक माहिती लागेल. हजारो व्यक्तींचे नमुने आवश्यक ठरतात ते यामुळेच.

परिणामांचे मोजमाप निरनिराळ्या एककांत असल्यास केवळ पी-मूल्ये एकत्र करणारी रोनाल्ड फिशर यांची पद्धतही वापरता येते. परंतु तिच्यातून परिणामाचा आकार किंवा दिशा कळत नाही.

अभ्यासांतील भिन्नता

सर्व अभ्यासांत खरा परिणाम एकच आहे असे मानणाऱ्या प्रतिमानास स्थिर-परिणाम प्रतिमान म्हणतात. तो अभ्यासागणिक बदलू शकतो असे मानल्यास यादृच्छिक-परिणाम प्रतिमान वापरतात. त्याची प्रचलित रीत रिबेका डरसिमोनियन व नॅन लेअर्ड यांनी १९८६ मध्ये मांडली. अभ्यासांतील तफावत योगायोगापेक्षा अधिक आहे काय, हे कॉक्रन यांच्या क्यू-परीक्षेने आणि आय-वर्ग या मापाने तपासतात. मोठी तफावत आढळल्यास सरासरी देऊन न थांबता तिचे कारण शोधणे आवश्यक असते.

दक्षता

डीएनएचे दोन धागे परस्परपूरक असल्याने एका धाग्यावरील ‘ए’ दुसऱ्यावर ‘टी’ म्हणून वाचला जातो. भेद ‘ए’ आणि ‘टी’ यांच्यातीलच असल्यास कोणत्या धाग्यावरून वाचन झाले हे अक्षरांवरून कळत नाही. अशा वेळी एका अभ्यासातील धोका वाढविणारे रूप दुसऱ्यात धोका घटविणारे म्हणून नोंदले जाऊन परिणाम परस्परांना छेदू शकतात. तसेच त्याच निरोगी व्यक्ती दोन अभ्यासांत मोजल्या गेल्यास पुरावा वास्तवापेक्षा बळकट भासतो. रुग्ण व निरोगी गट वेगवेगळ्या वंशसमूहांतून आलेले असल्यास खोटे संबंधही दिसतात. याशिवाय, केवळ अनुकूल निष्कर्षच प्रसिद्ध झाल्यास संयुक्त अंदाज फुगतो. हे टाळण्यासाठी सहभागी गट आपल्या सर्व भेदांचे निष्कर्ष, अनुकूल असोत वा प्रतिकूल, एकत्र करतात.

मधुमेहावरील उपयोग

२००८ मध्ये युरोपीय वंशाच्या १०,१२८ व्यक्तींवरील तीन अभ्यास एकत्र करून सुमारे २२ लाख भेद तपासण्यात आले. स्वतंत्र नमुन्यांत पडताळणी केल्यावर प्रकार २ मधुमेहाशी संबंधित सहा नवी स्थाने निश्चित झाली. २०१४ मध्ये युरोपीय, पूर्व आशियाई, दक्षिण आशियाई व मेक्सिकन वंशाच्या २६,४८८ रुग्णांची आणि ८३,९६४ रुग्णेतर व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली व आणखी सात स्थाने आढळली.

मर्यादा

आजवरच्या अभ्यासांत युरोपीय वंशाच्या व्यक्तींचे प्रमाण फार मोठे आहे. भेदांची वारंवारता आणि शेजारच्या भेदांशी त्यांचे साहचर्य लोकसमूहागणिक बदलते. त्यामुळे युरोपीय सरासरीवरून काढलेले धोक्याचे गणित भारतीयांना जसेच्या तसे लागू होत नाही. २००६ मध्ये आइसलँडमधील संशोधनातून पुढे आलेला टीसीएफ७एल२ जनुकाचा संबंध पुण्यातील रुग्णांच्या अभ्यासात २००७ मध्ये आढळला. पण अशी पुष्टी प्रत्येक भेदाबाबत गृहीत धरता येत नाही, ती तपासावीच लागते.

अल्प परिणामाच्या भेदावरून एखाद्या व्यक्तीस मधुमेह होईल की नाही, हे सांगता येत नाही. तथापि परिणाम लहान म्हणून जनुक गौण ठरत नाही : मधुमेहावरील पायोग्लिटाझोन हे औषध पीपीएआरजी जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनावरच कार्य करते.