मावा खाणारी सिरफिड माशी : ओळख व आढळ

वर्धा जिल्ह्यात कपाशीवर पावसाळ्यात व करडईवर हिवाळ्यात मावा पडतो. त्याच्या मागोमाग पिवळ्या पट्ट्यांची एक लहान माशी शेतात घिरट्या घालू लागते. हवेत एकाच जागी स्थिर राहावयाचे व क्षणात बाजूस सरकावयाचे, ही तिची खूण होय. पुष्कळ शेतकरी तिला गांधीलमाशी किंवा मधमाशी समजतात. वस्तुतः ती सिरफिड कुळातील निरुपद्रवी माशी असून शेतकऱ्याची मोठी सहायक आहे.

या कुळातील इस्किओडॉन स्क्युटेलॅरिस ही जात आपल्या देशात विपुल आढळते. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १८०५ साली तिचे वर्णन केले. भारताखेरीज आग्नेय आशिया, जपान व ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा प्रसार आहे. शेतातील तिचा आढळ मात्र माव्यावर अवलंबून असतो. जेथे मावा तेथे ती अंडी घालते.

माशीची लांबी सुमारे एक सेंटिमीटर असते. चेहरा पिवळा, पाठ काळसर व चकचकीत आणि काळ्या पोटावर पिवळे पट्टे असतात. त्यांपैकी पहिला पट्टा मध्ये तुटलेला असतो. मधमाशीस पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच. हिला नांगी नसते, त्यामुळे ती दंश करीत नाही.

माशी स्वतः फुलांतील मध व पराग यांवर जगते. मावा फस्त करते ती तिची अळी. माशी माव्याच्या थव्यात पांढरी, लांबट अंडी एकेक करून घालते. दोन-तीन दिवसांत त्यांतून हिरवट अळी बाहेर पडते. तिला पाय नसतात, डोके वेगळे दिसत नाही आणि तोंडाकडील भाग निमुळता असतो. ती मावा तोंडात धरून उचलते, त्यातील रस शोषून घेते व रिकामे कातडे टाकून देते. कोषात जाण्यापूर्वी एक अळी शेकडो मावा खाते. थेंबाच्या आकाराचा कोष पानास चिकटलेला आढळतो.

हीच अळी पीक खाणारी समजून शेतकरी फवारणीची घाई करतात. पीक खाणाऱ्या अळीस पाय व स्पष्ट डोके असते, तिने कुरतडलेली पाने व विष्ठाही दिसते. हा भेद न ओळखता फवारणी केल्यास मित्रकीटक मरतात, मावा पुन्हा वाढतो आणि खर्च दुप्पट होतो. शिवाय फवारणाऱ्याच्या जिवासही धोका असतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अनावश्यक ठरणारी प्रत्येक फवारणी टाळणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कपाशीत आठवड्यातून एकदा वीस झाडे निवडावीत. प्रत्येक झाडाचे वरचे, मधले व खालचे पान उलटून मावा मोजावा. दर पानामागे सरासरी १० मावा ही आर्थिक नुकसानीची पातळी मानतात. त्याखाली मावा असून सिरफिडच्या अळ्या व ढालकिडे दिसत असतील, तर फवारणी थांबवावी व चार दिवसांनी पुन्हा मोजणी करावी. बांधावर मोहरी, कोथिंबीर किंवा बडीशेप फुलू दिल्यास माशीस मध व पराग मिळतो. अळी ओळखू न आल्यास ती पानासह बाटलीत घालून सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील निदान एका शेतात शेतकऱ्यांसमवेत पाने उलटून ही अळी प्रत्यक्ष दाखवावी.