आठवताना आठवण कच्ची होते

अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या 19 वर्षांच्या तरुणाने 2025च्या अखेरीस काशीत शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण पूर्ण केले. सुमारे 2000 मंत्र, 50 दिवस, सारे तोंडपाठ. कौतुक खूप झाले; दंडक्रम म्हणजे नेमके काय, हे मात्र कौतुकात हरवले.

आधी पहिले पद, दुसरे पद. मग दुसरे, पहिले. पुन्हा पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे आणि उलट तिसरे-दुसरे-पहिले. असे एकेक पद वाढत जाते आणि दर वेळी आरंभापर्यंत माघारी यावे लागते. उलट क्रमात अर्थाचा आधार सुटतो, संधी बदलतात. नुसत्या ओघावर जीभ पुढे रेटता येत नाही. पद आठवावेच लागते.

आठवण्याच्या या कष्टालाच फळ येते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांनी 2006मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. एक उतारा पुन्हा वाचायचा, दुसरा न बघता आठवेल तेवढा लिहून काढायचा. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचणेच सरस. आठवड्यानंतर मात्र वाचलेल्यातले 42 टक्के शिल्लक, आठवून लिहिलेल्यातले 56 टक्के. पुस्तकाची पाने मार्करने पिवळी करणाऱ्या दहावीच्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

पण यात एक मेख आहे. करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू या मेंदूसंशोधकांनी 2000मध्ये उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. नंतर तोच आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि प्रथिननिर्मिती रोखणारे औषध मेंदूतल्या अमिग्डलात टोचले. भीती ओसरली. आठवण जागी न करता औषध दिले, तर भीती जशीच्या तशी. म्हणजे मुरलेली आठवणही काढली की काही काळ कच्ची होते आणि तिला नव्याने मुरावे लागते. माणसाच्या पाठांतराला हे किती लागू पडते, यावर अजून वाद आहेत. तरी आठवताना शिरलेली चूक पुढच्या वेळी खऱ्यासारखीच आठवते, हा अनुभव कुणाला नाही?

नगरच्याच भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे लिहिली. फारसी, उर्दू, अरबी शेरांची त्यांत रेलचेल आहे, बरेचसे स्मरणातून उतरलेले. संपादक मलिक राम यांनी पुढे मूळ शोधले, तेव्हा काही ठिकाणी शब्द वेगळे निघाले. काही बदल मौलानांनी जाणूनबुजून केले असतील. रसिकाला ती मुभा असते.

वेदपाठशाळेत ती नाही. संथा घेताना स्वर चुकला की गुरुजी तिथेच थांबवतात आणि बरोबर म्हणवून घेतात. आठवण कच्ची असतानाच दुरुस्ती होते. माझ्या मते पाठांतराचे खरे बळ घोकण्यापेक्षा या अडवण्यात आहे. आपल्या शाळांनी घोकणे तेवढे उचलले.

जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी 2016मध्ये 21 शुक्ल यजुर्वेदी पंडितांच्या मेंदूंचे अध्ययन प्रसिद्ध केले. इतरांच्या तुलनेत अनेक भागांत, स्मरणाशी निगडित उजव्या हिप्पोकॅम्पसमध्येही, करडा भाग जास्त आढळला. तो पाठांतराने वाढला, की तसा मेंदू असलेलेच पाठशाळेत टिकले, हे एकदाच घेतलेल्या प्रतिमेवरून ठरत नाही. त्यासाठी पहिली संथा घ्यायला बसणाऱ्या मुलापासून मोजमाप सुरू करावे लागेल आणि काही वर्षे थांबावे लागेल.