ऑफ-सिझनमध्ये टीम कशी बांधायची? मुंबई इंडियन्सचे तीन आकडे आणि माझ्या दुकानाची एक चूक



मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच होता. "सर, माल मिळतो, जागा मिळते, पण चांगली माणसं मिळत नाहीत. काय करायचं?" व्हिडिओत दोन मिनिटांत उत्तर दिलं, पण मनाचं समाधान झालं नाही. म्हणून हा लेख.

माझं दुकान तुम्हाला माहीत आहे. बोरिवली पश्चिमेला शाळेचे युनिफॉर्म, दप्तरं, रेनकोट, छत्र्या. आमचा धंदा एप्रिल ते जून. त्या तीन महिन्यांत वर्षाचा मोठा गल्ला होतो आणि दिवाळीनंतर दुपारी दुकानात पंख्याचा आवाज ऐकू येतो. आयपीएलचा सिझनही साधारण तेव्हाच असतो. त्यांचा लिलाव आमच्या मंदीच्या दिवसांत येतो. म्हणून मी क्रिकेटपेक्षा लिलाव जास्त लक्ष देऊन बघतो. माणसं कशी निवडायची, किती पैसे कुणावर लावायचे, कुणाला सोडायचं, हे सगळं तिथे उघड्यावर चालतं. फुकटचा क्लास आहे तो!

पाच वेळा चॅम्पियन, तरी तळाला

मुंबई इंडियन्सने २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशा पाच ट्रॉफ्या जिंकल्या. पाचही वेळा कॅप्टन रोहित शर्मा. आणि २०२२ मध्ये हाच संघ १४ पैकी फक्त ४ सामने जिंकून शेवटच्या, म्हणजे दहाव्या नंबरवर गेला. २०२३ मध्ये सावरला, प्लेऑफपर्यंत गेला. २०२४ मध्ये पुन्हा ४ विजय, पुन्हा दहावा नंबर.

२०२४ मध्ये काय झालं ते आठवा. हार्दिक पांड्याला मुंबईनेच २०१५ मध्ये १० लाखांत घेतलं होतं. तो पुढे गुजरातकडे गेला, कॅप्टन झाला आणि पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, ट्रॉफी जिंकला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने त्याला ट्रेड करून परत आणलं आणि डिसेंबरमध्ये रोहितच्या जागी कॅप्टन केलं. कागदावर बरोबर वाटणारा निर्णय. पण वानखेडेवर आपल्याच प्रेक्षकांनी आपल्याच कॅप्टनची हुर्यो उडवली. आम्ही बोरिवलीकर तर जास्तच चिडलो होतो, कारण रोहित आमच्याच बोरिवलीत वाढलेला.

आता कबुली. त्याच डिसेंबरमध्ये मीही तेच केलं.

माझी चूक

आमच्याकडे एक काका होते. वडिलांच्या वेळेपासून, चौदा वर्षं. मुलाच्या खांद्याकडे बघून शर्टाचा नंबर सांगायचे. कुठल्या शाळेची पट्टी कधी बदलली, कुठल्या शाळेत पीटीचा ड्रेस वेगळा, सगळं डोक्यात. कॉम्प्युटर मात्र येत नव्हता. मी बीबीए केलेला, मला सगळं "सिस्टिम"मध्ये हवं होतं. एका मोठ्या शोरूममधून अनुभवी मॅनेजर आणला. पगार २८,०००. काकांचा १७,०००. आणि काकांशी एक शब्द न बोलता मॅनेजरला गल्ल्यावर बसवलं.

काका काही बोलले नाहीत. गुढीपाडव्याला पूजा करून गेले, आणि पुढच्या आठवड्यात सांगितलं, "दुसरीकडे बघितलंय." मी पगार वाढवायला तयार झालो. ते म्हणाले, "पगाराचं नाही रे. तुझ्या वडिलांनी मला कधी गल्ल्यावरून उठवलं नव्हतं."

जून २०२४ मध्ये काय झालं असेल, तुम्हीच विचार करा. साइझच्या ऑर्डर चुकल्या. लहान नंबर संपले, मोठे पडून राहिले. जवळजवळ दोन लाखांचा माल अंगावर पडला. ऑगस्टमध्ये मॅनेजर जास्त पगारावर दुसरीकडे गेला. त्याचा दोष नाही, त्याला दुकान नवीन आणि मी घाईत. गणपतीत बायकोसमोर हिशेब मांडला, तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "गाळा भाड्याने दिला तर किती येतील?" त्या रात्री झोप लागली नाही.

आधी 'कोण ठेवायचं' ते ठरवा

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला मोठा लिलाव झाला. प्रत्येक संघाला १२० कोटी. दहाव्या नंबरवर आलेल्या मुंबईने काय केलं? सगळं मोडून नवीन उभं केलं नाही. आधी पाच माणसं ठेवली. बुमराह १८ कोटी, सूर्यकुमार आणि हार्दिक प्रत्येकी १६.३५, रोहित १६.३०, तिलक वर्मा ८. बेरीज ७५ कोटी.

हा पहिला आकडा. ७५. लिलावाला जाण्याआधीच निम्म्याहून जास्त पैसे आपल्याच माणसांवर. सगळ्यात महागडा बुमराह, जो कॅप्टन नाही. आणि कॅप्टनपद गेलेल्या रोहितलाही मानाने ठेवलं.

आपण उलटं करतो. नवीन माणसाला जाहिरात देतो, दोन हजार जास्त देतो, आणि जुन्याला म्हणतो, "दिवाळीला बघू."

मी वहीत तीन नावं लिहिली. गेलेल्या माणसांतून कुणाला परत आणायचं, त्यात एकच नाव होतं. पेढे घेऊन काकांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. ते पूर्णवेळ परत आले नाहीत. नवीन मालकाला शब्द दिला होता, आणि शब्दाला ते पक्के. पण म्हणाले, "रविवारी येत जाईन. कुणाला तरी शिकवतो." मालकाची परवानगीही त्यांनी स्वतःच घेतली. मला तेवढं पुष्कळ होतं.

मोठी खरेदी कमी, छोट्या जागा जास्त

दुसरा आकडा, ४५. मुंबईकडे उरलेले ४५ कोटी आणि घ्यायचे होते १८ खेळाडू. त्यातले ३७ कोटींच्या वर फक्त पाच जणांवर गेले. ट्रेंट बोल्ट १२.५०, दीपक चहर ९.२५, नमन धीर आणि विल जॅक्स प्रत्येकी ५.२५, अल्लाह गझनफर ४.८०. म्हणजे जिथे तयार माणूसच लागतो, नवीन चेंडू टाकणारा, तिथे हात आखडला नाही.

तिसरा आकडा मला सगळ्यात आवडतो. ७. सात खेळाडू प्रत्येकी ३० लाखांत, म्हणजे मूळ किमतीलाच. सगळे मिळून २ कोटी १० लाख. १२० कोटींच्या थैलीत दोन टक्केसुद्धा नाही.

त्या सातातला एक विग्नेश पुथूर. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातला, रिक्षा चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा. केरळच्या मुख्य संघाकडूनही तोवर खेळला नव्हता. मुंबईच्या लोकांनी त्याला केरळच्या स्थानिक लीगमध्ये हेरलं, ट्रायलला बोलावलं, लिलावात घेतलं आणि सिझनआधी दक्षिण आफ्रिकेत आपल्याच दुसऱ्या संघाच्या नेटमध्ये गोलंदाजीला पाठवलं. २३ मार्च २०२५ ला चेन्नईत पहिला सामना. त्याने ऋतुराज गायकवाड, शिवम दुबे आणि दीपक हुडाला बाद केलं.

दुसरा अश्वनी कुमार, मोहालीजवळचा. आधीच्या वर्षी पंजाबच्या संघात होता, एकही सामना मिळाला नव्हता. ३१ मार्चला वानखेडेवर कोलकात्याविरुद्ध आयपीएलमधल्या पहिल्याच चेंडूवर अजिंक्य रहाणेला बाद केलं. २४ धावांत ४ विकेट. आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात चार बळी घेणारा तो पहिला भारतीय.

सातही जण चमकले का? नाही. काहींना पूर्ण सिझनमध्ये एकही सामना मिळाला नाही. पण सातात दोन लागले तरी २ कोटी १० लाख वसूल. आणि ४.८० कोटींचा गझनफर दुखापतीमुळे सिझन सुरू व्हायच्या आधीच बाहेर गेला. महाग माणूस म्हणजे खात्रीचा माणूस, हे डोक्यातून काढून टाका.

हेरायचं कुठे? आपल्याच स्टेशनच्या आजूबाजूला

"आमच्याकडे स्काउट कुठे आहेत सर?" असं म्हणू नका. बोरिवलीचीच गोष्ट सांगतो. १९९९ च्या सुमारास दिनेश लाड सरांनी एका मुलाला मॅचमध्ये ऑफ-स्पिन टाकताना बघितलं. आमच्या शाळेत ये म्हणाले. घरच्यांना फी परवडणार नव्हती, तर सरांनी शाळेकडून फी माफ करून घेतली. तो मुलगा रोहित शर्मा. पुढे पालघरचा शार्दूल ठाकूर त्यांच्या शाळेविरुद्ध खेळताना दिसला. त्याला रोज पालघरहून लोकलने यायला-जायला लागू नये म्हणून सरांनी आपल्या घरीच राहायला ठेवलं. सरांना २०२२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये शार्दूल लखनौकडून ट्रेड होऊन मुंबई इंडियन्समध्ये आला!

सरांनी प्रमाणपत्रं बघितली नाहीत, खेळताना बघितलं.

मीही मुलाखती बंद केल्या. आमच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानात एक मुलगी काम करायची, एकोणीस वर्षांची, कॉलेज करून. गर्दीतही कुणाचे कागद कुणाचे ते विसरायची नाही. तिच्या मालकाशी आधी बोललो, मग तिच्या आईशी. डिसेंबर २०२४ मध्ये ती आली, १२,००० वर. सिझनला चार महिने बाकी. रविवारी काका तिला मापं शिकवायचे. टेप बाजूला ठेवून, नुसतं बघून. कॉम्प्युटर तिला येत होताच. मला ज्यासाठी २८,००० चा मॅनेजर लागला होता, ते काम काकांचं डोकं आणि तिचा हात मिळून होऊ लागलं.

घेतलं, तर खेळवा

आता सगळ्यात अवघड भाग. नवीन माणसाला आपण घेतो आणि मग सहा महिने झाडू, पाणी, गोडाउन. विग्नेशला पहिल्याच सामन्यात मैदानात उतरवलं. तोही कुणाच्या जागी? इम्पॅक्ट प्लेयर म्हणून रोहितच्या जागी. तो सामना मुंबई हरली. पहिल्या पाचपैकी चार हरली. बुमराह पहिले चार सामने दुखापतीमुळे नव्हता. तरी टीम मोडली नाही, आणि मग सलग सहा सामने जिंकले.

मे महिन्यात आमच्या मुलीने एका शाळेच्या चाळीस स्कर्टची ऑर्डर एक नंबर खाली टाकली. माझ्या तोंडावर आलं होतं, "उद्यापासून काउंटरवर नको." काकांनी फोनवर एवढंच विचारलं, "पहिल्या वर्षी तू किती चुकलास ते सांगू का तिला?" मी गप्प बसलो. ती काउंटरवरच राहिली. स्कर्ट तिनेच शिलाईवाल्याकडून उसवून वाढवून घेतले.

जून २०२५ संपला तेव्हा पडून राहिलेला माल ७० हजारांच्या आत होता. चॅम्पियन नाही झालो. मुंबईही नाही झाली. चौथ्या नंबरवरून प्लेऑफला गेले, गुजरातला हरवलं आणि १ जूनला अहमदाबादला पंजाबकडून हरले. हरवलं कुणी? आपल्याच मुंबईच्या श्रेयस अय्यरने, नाबाद ८७. पण दहाव्या नंबरवरून तिथपर्यंत एका वर्षात आले.

तयार झालेल्या माणसाची किंमत

शेवटचा मुद्दा. नमन धीरला मुंबईने २०२४ साठी २० लाखांत घेतलं होतं. पुढच्या लिलावात दुसऱ्या संघाने बोली लावली, तेव्हा मुंबईने आपला हक्क वापरून ५.२५ कोटी मोजले. तिलक २०२२ मध्ये १.७० कोटींचा होता, ८ कोटींवर राखला. तयार केलेला माणूस जुन्या भावात राहणार नाही. आणि हेही खरं की नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईने विग्नेशला सोडलं. प्रत्येक नवीन माणूस आपल्याकडेच राहील, असं नसतं.

दसऱ्याला आमच्या मुलीला दुसऱ्या दुकानातून विचारणा आली, हे मला बाजारातून कळलं. ती काही बोलली नव्हती. मी त्याच दिवशी पगार १७,००० केला, आणि यावेळी काकांसमोर केला. आता साइझच्या ऑर्डर तिच्या सहीने जातात.

या आठवड्याचं काम

एक वही घ्या. पहिल्या पानावर, कुणाला काहीही करून ठेवायचं? नाव आणि त्यांच्याशी शेवटचं नीट कधी बोललात ती तारीख. दुसऱ्या पानावर, कुठल्या एका जागेला तयार माणूसच लागतो? तिथे पैसे मोजा. तिसऱ्या पानावर, तुमच्या रस्त्यावर काम करताना दिसलेली दोन तरुण मुलं-मुली, ज्यांच्याकडे बघून वाटलं, "हा आपल्याकडे हवा." आणि सिझन सुरू व्हायला किती आठवडे आहेत ते खाली लिहा.

पहिल्या पानावरचं नाव लिहिताना पेन अडखळलं, तर वही बंद करा आणि आधी त्या माणसाला फोन लावा. मी चार महिने उशीर केला होता. तुम्ही करू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत!