तंजावरच्या राजवाड्यातला एक दिवस

राजवाडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सिंहासन, हत्ती-घोडे आणि भिंतीवर टांगलेल्या तलवारी उभ्या राहतात. शाळेची सहल जाते, मुले वाडा पाहून येतात, आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारले, 'काय रे, काय पाहिलंत?' तर उत्तर येते, 'तोफ पाहिली, तलवार पाहिली आणि भजी खाल्ली!' यात मुलांचा दोष नाही. राजवाडा कसा पाहावा, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. तेव्हा आज आपण एका विद्यार्थ्याच्या सोबतीने एक राजवाडा पाहू. वाडा आहे मराठी राजांचा, पण तो आहे परमुलखात, थेट तमिळनाडूत, तंजावरला.

समजा, आपला विद्यार्थी पिंपळे गुरवचा आहे. पवनेच्या काठी वाढलेला आणि चिंचवडच्या मोरया गोसावींचे नाव लहानपणापासून ऐकलेला. पुण्याहून रेल्वेने तो चेन्नईला उतरला आणि तिथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दक्षिणेला तंजावरला पोहोचला. कावेरीच्या खोऱ्यातला हा भाताचा मुलूख. दुकानांच्या पाट्या तमिळ, बोलणे तमिळ, पानात भात आणि सांबार. इथे आपले माणूस कुठून असणार, असे त्याला वाटले तर नवल नाही.

पण इथे भोसल्यांनी जवळजवळ पावणेदोनशे वर्षे राज्य केले. शहाजीराजांना तुकाबाईंच्या पोटी झालेले पुत्र व्यंकोजीराजे, म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ. विजापूरच्या आदिलशाहीच्या वतीने ते दक्षिणेत उतरले आणि १६७५ च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतले. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत शिवाजीमहाराजांची आणि त्यांची भेटही झाली. तिथपासून १८५५ पर्यंत ही गादी चालली. त्या साली दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले.

सकाळी आपला विद्यार्थी वाड्याच्या दारात उभा राहतो. हा वाडा मुळात मराठ्यांनी बांधलेला नाही, बरं का. त्यांच्याआधी इथे नायक राजे होते. त्यांनी वाड्याला सुरुवात केली आणि भोसल्यांनी त्यात भर घातली. म्हणून उंच मनोरा दिसतो तो दक्षिणी देवळाच्या गोपुराच्या घाटाचा, आणि दरबाराच्या दालनात मराठी राजवटीची रंगीत कमानदार सजावट. नवा धनी आला म्हणून जुने घर पाडले नाही. आहे त्यातच राहून त्याने ते वाढवले.

भाषेच्या बाबतीतही तसेच झाले. १६८४ साली गादीवर आलेले शहाजीराजे, व्यंकोजींचे पुत्र, स्वतः नाटके लिहीत. मराठीत लिहीत, तेलुगूतही लिहीत. त्यांच्या 'पंचभाषाविलास' या नाटकात तर पाच भाषा आहेत. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते १८४३ साली. त्याच्या कितीतरी आधी या तमिळ मुलखात मराठी नाटक लिहिले जात होते.

वाड्यातल्या कलादालनात चोळ काळातल्या काशाच्या मूर्ती मांडल्या आहेत. त्या पाहता पाहता विद्यार्थी एका संगमरवरी पुतळ्यापुढे येतो. हात जोडून उभा असलेला हा राजा म्हणजे दुसरे सरफोजीराजे. पुतळा घडवला फ्लॅक्समन नावाच्या इंग्रज शिल्पकाराने. इथे जरा थांबले पाहिजे. कारण हा राजा नीट समजला तर वाडा समजला.

सरफोजीराजांचा जन्म १७७७ चा. तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले. गादीचा तंटा चालू असताना श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्यांचा सांभाळ केला आणि त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था लावली. १७९८ साली ते गादीवर बसले, पण पुढच्याच वर्षी तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाच्या हाती उरले ते तंजावरचा किल्ला, वार्षिक नेमणूक आणि मान. वय अवघे बावीस. अशा वेळी माणूस काय करील? चैनीत बुडेल, नाही तर झुरत बसेल. सरफोजींनी पुस्तके जमवायला घेतली.

नायकांच्या काळापासून वाड्यात ग्रंथसंग्रह होता, तो त्यांनी कितीतरी वाढवला. १८२० साली ते काशीयात्रेला निघाले, तिथूनही पोथ्या आणवल्या. युरोपातून छापील पुस्तके मागवली, ती वाचली आणि त्यांवर इंग्रजीत आपली सही केली. वाड्यातच देवनागरीचा छापखाना घातला. १८०६ साली तिथे 'बालबोधमुक्तावली' हे मराठी पुस्तक छापले. त्यात होत्या इसापच्या गोष्टी! मुंबईला गणपत कृष्णाजींचा छापखाना निघायला अजून पंचवीसेक वर्षे होती. शिक्षक मंडळींनी हे ध्यानात ठेवावे, मराठी मुलांसाठी इतके जुने छापील पुस्तक तंजावरात निघालेले आहे.

दुपारी विद्यार्थी या ग्रंथालयात जातो. नाव 'सरस्वती महाल'. १९१८ पासून ते सर्वांसाठी खुले आहे. आल्यागेल्याला तिथल्या संग्रहालयात निवडक पोथ्या आणि चित्रे पाहायला मिळतात, बाकीचे धन अभ्यासकांसाठी आत ठेवलेले असते. संस्कृत, तमिळ, तेलुगू अशा हजारो पोथ्या आहेत, आणि मराठीच्या तीन हजारांवर. कागदावरच्या आहेत, तशा ताडपत्रावरच्याही. वैद्यकातही राजांना फार गोडी. डोळ्यांच्या रोग्यांवर कोणते उपचार केले, त्यांची टिपणे डोळ्यांच्या चित्रांसकट इथे आहेत.

शिवाय आहेत मराठी राज्याच्या दफ्तराचे रुमाल, हजाराहून अधिक. कारभाराचा हिशेब, खर्च, पत्रे, असा रोजचा व्यवहार त्यांत आहे. आणि हे सारे मोडीत!

इथे आपला विद्यार्थी अडतो. भाषा त्याची, आजीच्या तोंडची. पण अक्षर लागत नाही. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेत आणि तिच्याखाली हात न उचलता भरभर लिहीत. शब्दाशब्दांत जागा सोडत नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा काटेकोरपणा नसे. तंजावरच्या मोडीचे वळण तर आणखी थोडे निराळे.

संध्याकाळी तो बृहदीश्वराच्या देवळात जातो. राजराज चोळाने हे देऊळ १०१० च्या सुमारास पुरे केले. आवारातल्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. अक्षरे देवनागरी. ती मात्र त्याला वाचता येतात! जुनी भाषा, लांब वाक्ये, तरी बोट फिरवत फिरवत चार ओळी लागतात.

श्रोतेहो, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. भिंतीवर राजाने जगाला सांगायचे ते लिहिले. रुमालात लिहिले ते जगाला सांगण्यासाठी नव्हते, कामासाठी होते. म्हणून माणसे कशी राहत, काय खात, कोणाला किती पगार मिळे, हे भिंतीपेक्षा रुमालच अधिक खरे सांगतील. आणि तेच आपल्याला वाचता येत नाहीत. दगडाला ऊन-पाऊस सोसतो, कागदाला कसर लागते. वाचणारा वेळेवर मिळाला नाही, तर मजकूर कायमचा गेला.

यासाठी तंजावरला जायलाच हवे असे नाही. पिंपळे गुरवसारख्या गावांत शेते गेली, इमारती उभ्या राहिल्या, जुने वाडे उतरवले गेले. वाडा उतरवताना माळ्यावरची पेटी निघते, त्यात पिवळे कागद असतात. 'वाचता येत नाही, ठेवून काय करायचे?' असे म्हणून ते बंबात जातात. कदाचित त्यात पणजोबांचा करार असेल, विहिरीच्या पाण्याची पाळी असेल, दुष्काळातले कर्ज असेल.

तेव्हा गुरुजी, बाई, एवढे करा. सहलीआधी मुलांना तीन प्रश्न द्या. हे कोणी केले? कोणासाठी केले? ते कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत आहे? घरी जुने कागद निघाले तर त्यांना चिकटपट्टी किंवा डिंक लावू नका. ओल आणि वाळवी यांपासून दूर, सुती कापडात बांधून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे अशा कागदांची कदर आहे. आणि शाळेतल्या एका-दोघा मुलांना तरी मोडीची बाराखडी शिकवा. थोड्या महिन्यांच्या सरावाने हात बसतो. त्यांतला एखादा उद्या तंजावरला गेला, तर त्या रुमालांतले एखादे पान तरी तो वाचून दाखवील.